अरोवाना नदीतला की तळ्यातला? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरी गेली अकरा वर्षं अरोवाना हा शोभेचा मासा आहे. आल्यागेल्याचा पहिला प्रश्न "केवढ्याला घेतलास?" असतो आणि दुसरा "हा पकडून आणतात की पैदास करतात?" पहिल्याचं उत्तर मी टाळतो. दुसऱ्याचं इतक्या वेळा देऊन झालंय की एकदाचं लिहूनच काढतोय.

थोडक्यात सांगा, टँकमधला अरोवाना जंगली असतो की फार्मचा?

कुठला अरोवाना, यावर सगळं आहे. लाखाच्या घरात जाणारा लाल किंवा सोनेरी आशियाई अरोवाना रीतसर कागदांसह आला असेल, तर तो फार्मच्या तळ्यात जन्मलेला असतो आणि त्याचे आईबापही तळ्यातलेच असतात. पाचसातशे रुपयांत प्लास्टिकच्या पिशवीतून घरी येणारं सिल्व्हर अरोवानाचं पिल्लू मात्र अमेझॉनच्या एखाद्या फाट्यातून, बापाच्या तोंडातून काढलेलं असू शकतं.

लोकांची समजूत नेमकी उलटी असते. महाग म्हणजे दुर्मीळ, दुर्मीळ म्हणजे जंगलातून आणलेला, आणि स्वस्त म्हणजे कुठेतरी कोंबड्यांसारखा वाढवलेला. अरोवानाच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही.

अरोवाना म्हणजे नक्की कोणकोणते मासे?

आपल्या दुकानांत हे नाव चार-पाच वेगवेगळ्या माशांना लागतं.

आशियाई अरोवाना म्हणजे स्क्लेरोपेजेस फॉर्मोसस. सुपर रेड, क्रॉसबॅक गोल्डन, रेड टेल गोल्डन, ग्रीन हे याचेच रंगप्रकार. प्रत्येकाचं मूळ गाव वेगळं आहे. सुपर रेड बोर्निओतल्या पश्चिम कालिमंतानच्या कापुआस नदीचा, क्रॉसबॅक मलेशियाच्या द्वीपकल्पाचा, रेड टेल गोल्डन सुमात्राचा आणि ग्रीन थायलंड-कंबोडियापासून इंडोनेशियापर्यंत पसरलेला. २००३ साली काही संशोधकांनी यांना वेगवेगळ्या जाती मानावं असं सुचवलं होतं, पण ते सगळ्यांनी स्वीकारलेलं नाही.

सिल्व्हर म्हणजे ऑस्टिओग्लोसम बायसिरोसम, दक्षिण अमेरिकेतला. ब्लॅक हा त्याचा भाऊ, मुख्यतः रिओ नेग्रो नदीचा. जार्डिनी उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या दक्षिण भागातला. आफ्रिकन अरोवाना म्हणून जो विकतात तो हेटेरोटिस. तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो आणि त्याच्या मुलखात तो ताटातला मासा आहे. त्याला अरोवाना म्हणायचं तर म्हणा, मी म्हणत नाही.

आशियाई अरोवाना नदीतून पकडणं का थांबलं?

गंमत अशी की पूर्वी त्याला कोणी विचारत नव्हतं. मलेशिया, बोर्निओच्या नद्यांकाठी तो खायचा मासा होता, आणि खायला काटेरी म्हणून फार लाडकाही नव्हता. १९७५ साली साइटीस हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार अमलात आला आणि आशियाई अरोवाना त्याच्या परिशिष्ट एकमध्ये गेला. वाघ, गेंडे ज्या यादीत आहेत ती ही यादी. जंगलातून पकडून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद.

त्यानंतर त्याचं नशीब उघडलं म्हणायचं की फुटलं, ते तुम्ही ठरवा. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला तैवानमध्ये आणि मग सगळ्या चिनी भाषक जगात तो ड्रॅगनचं रूप मानला जाऊ लागला. मोठे चमकते खवले, हनुवटीवर दोन मिशा, पाण्यात संथ वळणं. चिनी चित्रातला ड्रॅगनच जणू. बंदीमुळे तो दुर्मीळ ठरला, दुर्मीळ म्हणून प्रतिष्ठेचा, आणि प्रतिष्ठेचा म्हणून चोरून पकडला जाऊ लागला. ऐंशीच्या दशकात कापुआसच्या खोऱ्यातून लाल अरोवाना अक्षरशः उपसला गेला.

नव्वदच्या दशकात सिंगापूर, इंडोनेशिया, मलेशियातल्या फार्मना साइटीसकडे नोंदणी करून तळ्यातले मासे निर्यात करायची मुभा मिळाली. आज बाजारात जे रीतसर दिसतं ते या वाटेने आलेलं.

फार्मवर पैदास कशी करतात? इंजेक्शन देऊन अंडी काढतात का?

नाही. रोहू-कटल्याला देतात तसं इंजेक्शन इथे कामाला येत नाही. अरोवानाला त्याच्या मनाने जोडी जमवू द्यावी लागते.

काही वर्षांपूर्वी मलेशियात जोहोरमधल्या एका फार्मवर अर्धा दिवस काढता आला. मला वाटलं होतं काचेच्या टाक्यांच्या रांगा असतील. बघतो तर मातीची आयताकृती तळी, गढूळ चहासारखं पाणी, कडेला झुडपं आणि चारी बाजूंनी कुंपण. कुंपणावर काटेरी तार, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे आणि मोकळे सोडलेले कुत्रे. एकेका तळ्यात कित्येक लाखांचा माल पोहतोय म्हटल्यावर राखण आलीच.

नर-मादी बाहेरून ओळखणं जुन्या कामगारांनाही खात्रीने जमत नाही. नराचं तोंड थोडं मोठं, जबडा खोल, एवढीच काय ती खूण. म्हणून वयात आलेले, म्हणजे तीन-चार वर्षांपुढचे, मासे गटाने एका तळ्यात सोडतात आणि वाट बघतात. जोडी जमली की मादी मोठाली नारिंगी अंडी घालते. एकेक अंडं गोटीएवढं असतं, त्यामुळे संख्या कमी. एका वेळी साधारण तीस ते शंभर. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते, त्यापुढे हे काहीच नाही. आणि नदीतला अरोवाना इतक्या लवकर का संपला, याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे.

अंडी फळली की नर ती सगळी तोंडात घेतो. अंडी तिथेच फुटतात, पिल्लं तिथेच वाढतात. दोनेक महिने तो काही खात नाही.

फार्मवाले दोन महिने थांबत नाहीत. ठरावीक दिवसांनी तळं जाळ्याने ओढतात. मी गेलो त्या दिवशी चार माणसं छातीभर पाण्यात उतरली, जाळं हळूहळू आवळत कडेला आणलं आणि एकेका माशाचा गळा बघायला लागली. ज्याचा गळा फुगलेला तो बाप. एकाने ओल्या फडक्यात मासा धरला, दुसऱ्याने खालचा जबडा अंगठ्याने अलगद उघडला आणि मासा पाण्याच्या टबावर तोंड खाली करून तिरपा केला. आतून एकामागून एक पिल्लं पडली. पोटाला लालसर-नारिंगी पिवळ्या बलकाची गोळी आणि त्याला चिकटलेली काडीएवढी शेपटी. बाप दोन मिनिटांत परत तळ्यात. पोरं मोजली, एकोणचाळीस निघाली. मोजणारा खूश दिसला नाही.

पुढचं काम आत, शेडमध्ये. अठ्ठावीस अंशांच्या आसपास राखलेल्या पाण्यात पिल्लं ठेवतात. पोटावरची गोळी जिरायला काही आठवडे लागतात, तोवर वेगळं खाणं लागत नाही. पिल्लू सहाएक इंचाचं झालं की पाठीच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढी, नंबर असलेली मायक्रोचिप टोचतात.

"दुसरी पिढी" असं फार्मवाले म्हणतात ते काय?

समजा कोणी नदीतून अंड्यांवर आलेली जोडी आणली आणि तिची पिल्लं तळ्यात झाली. ती पहिली पिढी. ही पिल्लं फार्मवरची वाटली तरी साइटीसच्या लेखी एवढं पुरत नाही. फार्मला हे दाखवावं लागतं की आपल्याकडे वाढलेल्या माशांपासून पुन्हा पिल्लं होतात, म्हणजे दुसरी पिढी निघते, आणि नदीतून सतत नवे मासे ओढत बसायची गरज उरलेली नाही. पाळीव पैदास म्हणायची ती याला.

कागदावर हे नीट दिसतं. तळ्याकाठी उभं राहिलं की प्रश्न पडतो, की चारशे माशांत रात्रीतून नदीचे दोन मिसळले तर कोण ओळखणार? याच कारणाने तपासणी, चिपांच्या नोंदी आणि कोट्याची कटकट आहे, आणि याच कारणाने ती असायलाही हवी.

एवढे फार्म झाले, मग जंगलातला अरोवाना वाचलाच ना?

हा प्रश्न लोक अशा सुरात विचारतात की "हो" म्हणून मोकळं व्हावं. पण आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत आशियाई अरोवाना आजही संकटग्रस्त आहे.

फार्मनी एक गोष्ट नक्की केली. दूर देशातल्या गिऱ्हाइकाला कायदेशीर मासा मिळायला लागला, त्यामुळे चोरट्या मालाची गरज कमी झाली. पण नदीत मासे परत आले ते फार्ममुळे नव्हे, आणि बहुतेक ठिकाणी ते परत आलेलेच नाहीत. कापुआसच्या वरच्या अंगाला दानाऊ सेंतारुम हे तळ्यांचं आणि पूरवनांचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे थोडे राहिले आहेत. आजूबाजूला पाम तेलाच्या बागा, जंगलतोड, सोन्यासाठी नदीच्या वाळूचं उपसणं. मासा पकडणं थांबलं तरी त्याचं घर चाललंय.

शिवाय फार्मवरचा मासा आता वेगळ्याच वाटेला लागलाय. पिढ्यानपिढ्या जास्त लाल, जास्त झळाळता, पाठीपर्यंत सोनं चढलेला असा निवडून निवडून केलेला. वेगवेगळ्या नद्यांचे प्रकारही एकमेकांत मिसळलेले. असा मासा उद्या कापुआसमध्ये सोडला तर तो मूळचा परत आला असं म्हणता येणार नाही. जर्सी गाय सोडून खिलार वाचवल्यासारखं होईल ते.

मग सिल्व्हर अरोवानाची भानगड काय आहे?

सिल्व्हर साइटीसच्या कुठल्याच परिशिष्टात नाही. त्याला चिप नाही, सर्टिफिकेट नाही, म्हणून तो कुठून आला हे विचारायची सवयही कोणाला नाही. आणि मुद्दा नेमका इथे आहे.

या माशाचा बापही पिल्लं तोंडात सांभाळतो. अमेझॉनला पूर चढायला लागला की नदीकाठची जंगलं पाण्याखाली जातात, तेव्हा हा पैदाशीला लागतो. कोलंबिया आणि पेरूमध्ये नदीकाठच्या लोकांचा ही पिल्लं गोळा करून विकण्याचा हंगामी धंदा आहे. रात्री होडीतून टॉर्च मारत जायचं, पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारा नर हेरायचा आणि त्याच्या तोंडातली पिल्लं काढायची. एका नराकडे शंभर-दोनशेच्या घरात असू शकतात.

पिल्लं काढायच्या दोन तऱ्हा. नर जाळ्यात धरून, पिल्लं सांडवून त्याला सोडायचं, किंवा सरळ भाला, सुरा मारून त्याला संपवायचं आणि मग तोंड उघडायचं. दुसरी तऱ्हा झटपट होते आणि मेलेला नर स्वयंपाकघरात जातो. पण पुढच्या वर्षी त्या फाट्यात एक बाप कमी.

सगळीकडे असंच चालतं असं नाही. पेरूच्या लोरेतो भागात पाकाया-सामिरिया हे प्रचंड मोठं राखीव क्षेत्र आहे. तिथे गावकऱ्यांचे गट ठरावीक तळी राखतात, किती पिल्लं काढायची ते आधी ठरवतात आणि नर जिवंत सोडतात. हे लोक स्वतः पहारा देतात, कारण तळं रिकामं झालं तर पुढच्या हंगामाचे पैसे बुडाले. अशा ठिकाणचं पिल्लू जंगली असूनही तळं राखायला मदत करतं. म्हणून "जंगली म्हणजे वाईट, फार्मचा म्हणजे चांगला" असा सरधोपट शिक्का मी मारत नाही.

ब्राझीलने मात्र कित्येक वर्षं शोभेच्या व्यापारासाठी अरोवाना पकडायला मनाई ठेवली. परिणाम असा की जिथे ब्राझील, कोलंबिया आणि पेरू एकमेकांना भिडतात त्या तबातिंगा-लेतिसिया भागात पिल्लं सीमा ओलांडून पलीकडे जायला लागली. नदी एकच. सीमेच्या या बाजूचं पिल्लू चोरीचं, त्या बाजूचं कायदेशीर.

पण सिल्व्हरची पैदास फार्मवरही होते ना?

होते, आणि चांगली होते. इंडोनेशिया, मलेशिया, थायलंडकडच्या तळ्यांत सिल्व्हर सहज वाढतो. आशियाईपेक्षा पिल्लं जास्त देतो, नखरे कमी. अडचण एवढीच की कागद नसल्यामुळे दोन्हींकडची पिल्लं एकाच प्लास्टिकच्या टबात पोहत असतात. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात "हा कुठला?" विचारलं तर "बँकॉकचा आहे साहेब" असं उत्तर येतं. बँकॉकहून आला, हे खरंही असेल. पण बँकॉकला तो तळ्यातून आला की विमानाने कोलंबियाहून, हे त्या दुकानदारालाही ठाऊक नसतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. तरी विचारत राहावं. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकरावा प्रश्न तो आपल्या होलसेलवाल्याला विचारतो.

ब्लॅक आणि जार्डिनी?

ब्लॅकचीही आता आशियातल्या तळ्यांत पैदास होते, पण दक्षिण अमेरिकेतून धरून आणलेली पिल्लं अजून येतात. लहानपणी अंगावर काळा-पिवळा पट्टा, मोठेपणी करडा-निळसर. दुकानात पिल्लू बघून भुलणारे दोन वर्षांनी "रंग कुठे गेला?" म्हणून फोन करतात. रंग कुठे जात नाही, मासा मोठा झाला.

जार्डिनीची पिल्लं बऱ्याच प्रमाणात इंडोनेशियाच्या पापुआकडे, मेराउकेच्या पाणथळीतून येतात. तिथल्या लोकांसाठी तो हंगामी रोजगार आहे.

ब्रह्मदेशातला नक्षीवाला अरोवाना फार्मचा असतो का?

बाटिक अरोवाना म्हणतात तो. म्यानमारच्या दक्षिणेकडच्या तानिंथायी भागातला. खवल्यांवर नागमोडी रेषा असतात, प्रत्येक माशाची नक्षी वेगळी. २०१२ साली स्क्लेरोपेजेस इन्स्क्रिप्टस या नावाने शास्त्रीय वर्णन झालं. साइटीसमध्ये तो आशियाई अरोवानाबरोबरच परिशिष्ट एकमध्ये धरला जातो. हा कोणी बिनकागदाचा दाखवला तर नक्षी बघा, कौतुक करा आणि घरी या.

नुसतं बघून जंगली-फार्मचा ओळखता येतो?

नाही. जाणकार म्हणवणारे छातीठोक सांगतात, पण नाही येत. धरून आणलेल्या मोठ्या माशाच्या अंगावर कधी जुने ओरखडे, फाटका पर, कल्ल्यांवर अँकर वर्म असा परजीवी दिसतो. पण मातीच्या तळ्यातल्या माशालाही हे सगळं होतं. पिल्लाच्या बाबतीत तर काहीच कळत नाही. बलकाची गोळी लोंबणारं सिल्व्हरचं पिल्लू नदीतलं असो की तळ्यातलं, दिसायला एकच.

उत्तर कागदात असतं. कागद नसेल तर उत्तर नाही.

आशियाई अरोवानाचा कागद खरा की खोटा, कसं बघायचं?

माझाच किस्सा सांगतो. पहिला रेड टेल गोल्डन घ्यायचा होता. शहरातल्या एका दुकानात मासा दाखवला, गुळगुळीत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये सर्टिफिकेट दाखवलं, वर सोनेरी शिक्का. मी भारावून गेलो आणि त्याच्या झेरॉक्सवर समाधान मानून मासा घरी आणला. "ओरिजिनल नंतर देतो" ते नंतर कधी आलंच नाही. तीनेक महिन्यांनी मासे पाळणाऱ्या मित्रांबरोबर चहाला बसलो होतो. दोघांनी त्याच दुकानातून मासे घेतले होते. तिघांनी झेरॉक्स टेबलावर ठेवल्या तर चिपचा नंबर तिन्हींवर एकच. एकाने कुठून तरी स्कॅनर मिळवला आणि तिघांच्या माशांच्या पाठीवरून फिरवला. तिन्ही ठिकाणी काही वाजलं नाही. एकाही माशात चिपच नव्हती.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. आधी स्कॅनर, मग कागद, मग पैसे. दुकानदाराला माशाच्या पाठीवरून, वरच्या पराच्या जरा पुढेमागे, स्कॅनर फिरवायला सांगायचं. पडद्यावर येणारा आकडा सर्टिफिकेटवरच्या आकड्याशी एकेक अंक बोटाने धरून ताडायचा. शेवटचे चार अंक जुळले म्हणून सोडायचं नाही. आणि "स्कॅनर बिघडलाय" हे उत्तर आलं तर मासाही आज नको.

चिप नसलेला मासा म्हणजे जंगलातलाच, असंही नाही. लहान पिल्लाला ती टोचलेली नसते, आणि कमी प्रतीचे, ग्रीन किंवा पिवळ्या शेपटीचे मासे लाल म्हणून खपवायचे तर फार्मवरचेच पण बिनचिपीचे आणले जातात. तुम्ही फसता ते दोनदा, एकदा रंगात आणि एकदा कायद्यात.

साइटीसच्या परवान्यावर एक अक्षर असतं म्हणे. ते काय सांगतं?

हे फार थोड्यांना माहीत असतं आणि खरी मेख तिथेच आहे. परवान्यावर माशाचा उगम सांगणारं एक इंग्रजी अक्षर असतं. 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातून घेतलेला. 'एफ' म्हणजे पाळीत जन्मलेला, पण पाळीव पैदाशीच्या व्याख्येत न बसणारा, बहुधा पहिल्या पिढीचा. 'सी' म्हणजे व्याख्येप्रमाणे पाळीव पैदास. 'डी' म्हणजे परिशिष्ट एकमधला प्राणी, नोंदणीकृत ठिकाणी व्यापारासाठी पैदास केलेला. फार्मवरून विकायला आलेल्या आशियाई अरोवानाच्या परवान्यावर तुम्हाला 'डी' दिसायला हवा. दुकानदार परवान्याची प्रत दाखवायला तयार असेल तर सगळं सोडून आधी ते अक्षर शोधा.

भारतात आशियाई अरोवाना ठेवणं कायदेशीर आहे का?

भारत १९७६ पासून साइटीसचा सदस्य आहे, पण घरातल्या परदेशी प्राण्यांबद्दल देशातला कायदा बराच काळ मोघम होता. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करायला सहा महिन्यांची मुदत दिली. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यात साइटीसमधल्या जातींसाठी वेगळी अनुसूची चार आली आणि कलम ४९-एम आलं. त्याखालचे नियम २०२४ मध्ये निघाले. मतलब एवढाच की असा प्राणी जवळ असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, आणि पुढे तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला तर तेही कळवायचं.

सिल्व्हर साइटीसमध्ये नसल्यामुळे त्याला ही नोंदणी लागत नाही. मुदती आणि फॉर्म बदलत राहतात, तेव्हा मासा घ्यायच्या आधी वनविभागाकडे विचारा. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे नव्हे.

मुलगा न्यू जर्सीत आहे, त्याला तिकडे घेता येईल?

आशियाई नाही. अमेरिकेत तो धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली येतो, आणि घरात पाळण्यासाठी फार्मचा, चिपवाला, सर्टिफिकेटवालाही चालत नाही. ऑस्ट्रेलियातही तो आणता येत नाही. सिंगापूर, मलेशियात राहणाऱ्यांना तो शेजारच्या दुकानात मिळेल, पण सुटीत येताना पिशवीत घालून आणायचा विचार करू नका. परिशिष्ट एकमधला मासा आहे, खाऊचा डबा नव्हे.

फार्मचा मासा मवाळ असतो का? आणि डोळा खाली झुकतो तो त्यामुळे?

स्वभावात फार फरक मी पाहिलेला नाही. दहा पिढ्या तळ्यात गेल्या तरी उडी तीच. नदीत हा मासा पाण्यावर झुकलेल्या फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. तुमच्या टँकवर झाकण नसेल तर तो ट्यूबलाइटवरच्या पाकोळीसाठी उडेल आणि सकाळी सोफ्यामागे सापडेल. झाकणावर वजन ठेवा. माझ्या झाकणावर दोन विटा आहेत, बायकोला त्या दिसायला आवडत नाहीत, आणि मी त्या काढत नाही.

डोळा झुकण्याचा उगमाशी संबंध नाही. नदीतल्या माशात हे दिसत नाही, काचेच्या टाकीत दिसतं. नेहमी खाली बघत राहणं आणि चरबीचं खाणं, ही दोन कारणं सांगितली जातात. तळाला पडणारं खाणं न देता पृष्ठभागावर तरंगणारं द्या, चरबी बेताची ठेवा.

घरी पिल्लं होतील?

विसरा. नर-मादी कळत नाही, जोडी जमेल याची खात्री नाही, आणि नाही जमली तर तीन बाय दोनच्या टाकीत दोघे एकमेकांचे खवले काढतात.

आपल्याकडे याचे कोणी नातेवाईक आहेत का?

आहेत, आणि हा माझा आवडता प्रश्न. आपल्या नद्या-धरणांत सापडणारी चालट, फेदरबॅक म्हणतात ती, अरोवानाच्याच गणातली, लांबची चुलतबहीण. शिवाय दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळांत अरोवानाच्या कुळातल्या माशांचे जीवाश्म मिळालेले आहेत. २००० साली दोन जपानी संशोधकांनी तर असं मांडलं की आशियाई अरोवानाचे पूर्वज भारताच्या भूखंडावर बसून गोंडवन या प्राचीन महाखंडातून आशियात आले आणि पुढे आग्नेयेकडे पसरले. हे सगळ्यांना पटलेलं नाही, काळाचे हिशेब वेगळे निघतात. पण सिंगापूरहून लाखभर देऊन आणलेल्या माशाचं आजोळ इथलंच असेल, ही कल्पना मला सोडवत नाही.

वास्तूसाठी ठेवायचा असेल तर जंगली जास्त शुभ का?

असं एका एजंटने मलाही सांगितलं होतं. "फार्मच्या माशात ताकद नसते." मी त्याला विचारलं, चिप लावली की भाग्य कमी होतं का? तो हसला, मीही हसलो, व्यवहार झाला नाही.

फार मोठा झालाय. नदीत सोडला तर निदान मोकळा तरी होईल?

नाही, हात जोडून सांगतो. सिल्व्हर तीन फुटांच्या आसपास जातो, समोर येईल तो मासा, बेडूक, पाखराचं पिल्लू खातो. २०१८ च्या केरळच्या महापुरानंतर चालक्कुडी नदीत अरापाइमा सापडले. हा अरोवानाचाच अमेझॉनमधला अजस्र भाऊबंद. कोणाच्या तरी तळ्यातून वाहून आलेले. मुळा-मुठेत, उल्हासमध्ये, उजनीत अशी भर घालायची गरज नाही. दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेला माणूस शोधा, मत्स्यालयाला विचारा.

आणि मेला तर?

सिल्व्हर असेल तर कुंडीत पुरा. नोंदणी केलेला आशियाई असेल तर आधी फोटो काढा, शक्य असेल तर चिपचा नंबर स्कॅन करून त्याचाही फोटो घ्या, आणि पोर्टलवर मृत्यूची नोंद करा. ती केली नाही तर सरकारच्या वहीत तुमच्या घरी एक अरोवाना जिवंतच राहतो, आणि त्याच नंबरावर उद्या दुसरा मासा खपवता येतो. माझ्या त्या झेरॉक्सवरचा नंबर असाच कोणा मेलेल्या माशाचा असावा, असा मला दाट संशय आहे.